शेवटच्या ओळीखालची जागा

काचेवर काच घासल्याचा तो बारीक, किरकिरा आवाज कुठे कानावर पडला, की मला हिवाळ्यातलं तिरपं ऊन आठवतं, छावणीच्या बाजूच्या आमच्या संशोधनसंस्थेची ती उंच खिडकी आठवते, आणि खिडकीशी पाठमोरी उभी असलेली रिझवाना आठवते. डाव्या हातात फ्लास्क, उजव्या हातात काचेची कांडी, दुपट्ट्याचं टोक कमरेला खोचलेलं. फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर ती कांडी घासत राही. मधूनच थांबून तो उजेडासमोर धरी आणि श्वास रोखून बघे. द्रवातून स्फटिक सुटावेत म्हणून आम्ही सगळेच असं घासायचो, पण आमच्या घासण्यात वैताग असायचा आणि तिच्या घासण्यात आर्जव.

रिझवाना मूळची सिल्लोडची, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी. तिचे वडील निजामाच्या राजवटीत कातिब होते. छापखान्यासाठी उर्दू ग्रंथ आपल्या सुंदर हस्ताक्षरात उतरवून देणं हा त्यांचा पेशा. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली, छापखाने एकेक करून मिटले आणि तो देखणा हात दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. मी लासूर स्टेशनच्या अडत्याची मुलगी, मला अक्षराचं काय कौतुक असणार. पण शहागंज मोहल्ल्यातल्या त्यांच्या खोलीत चहा पिताना ते, माझे चाचा, जुनी पुस्तकं काढत, शेवटचं पान उघडत आणि शेवटच्या ओळीखाली तांदळाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं स्वतःचं नाव मला दाखवत.

"बेटी, किताब कुनाची बी आसू द्या," ते म्हणत, "पर हात कुनाचा, ते खाली लिवावं लागतं. नाय तर हाताची बेअदबी होती."

त्यांच्या डोळ्यांची नस सुकत चालली होती आणि त्यावर इलाज नव्हता. लेकीचं नाव छापलेलं एकदा बघावं आणि मग काय व्हायचं ते होवो, एवढंच त्यांचं मागणं होतं. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तिच्या नावाची इंग्रजी अक्षरं त्यांनी तिच्याकडून शिकून घेतली होती आणि दुपारभर ती पाटीवर गिरवत बसत.

रिझवानाचं संयुग कुणीच आधी बनवलेलं नव्हतं. मात्र ते हाती यायचं ते चिकट पिवळ्या तेलाच्या रूपात, आणि तेलाला शास्त्रात पत नसते. स्फटिक झाल्याशिवाय ते शुद्ध मानत नाहीत, आणि शुद्ध नसेल तर नवं म्हणून कुणी स्वीकारत नाही. कित्येक महिने ते तेल तिच्यावर रुसून होतं. मग थंडीतल्या एका सकाळी कोपऱ्यात विसरलेल्या फ्लास्कच्या तळाशी फिकट पिवळ्या सुयांचा झुबका उमलला. ती ओरडली नाही, नाचली नाही. टेबलाला धरून खाली बसली आणि रडली. त्यानंतर गंमत अशी, की ते संयुग प्रत्येक वेळी मुकाट्याने गोठू लागलं. "खोलीला त्याची सवय लागली आता," ती हसून म्हणाली. खरंच होतं ते. त्या स्फटिकांची दिसणार नाही एवढी बारीक धूळ खोलीच्या हवेत, काचेत, आमच्या कपड्यांत मिसळली होती, आणि विरजण पडल्यासारखी ती प्रत्येक नव्या फ्लास्कमध्ये आपसूक पडत होती.

आमच्या संस्थेत एक रीत होती. नवं संयुग हाती आलं, की ते सगळंच्या सगळं काचेच्या कुपीत घालून, पेढ्यांच्या ताटलीत ठेवून आमच्या मार्गदर्शक सरांच्या टेबलावर न्यायचं. शहाणी मुलं चिमूटभर मागे ठेवत. रिझवानाने कण ठेवला नाही. "उस्तादाला द्यायचं आणि वर त्यातलं लपवायचं? अब्बांना कोणत्या तोंडानं सांगू?" मी कपाळावर हात मारून घेतला, तर तिने मलाच एक पेढा भरवला.

पुढे कुठलीशी तपासणी समिती यायची म्हणून प्रयोगशाळेला चुना लागला. भिंती खरवडल्या, काच न् काच आम्लात बुडवून धुतली, जुने पडदे जाळले. खोली नववधूसारखी लख्ख झाली आणि त्या धुळीबरोबर तिची सवयही पुसली गेली.

त्यानंतर त्या संयुगावरचा शोधनिबंध छापून आला. वर नाव सरांचं आणि त्यांच्या जावयाचं, ज्याने त्या तेलाचा वासही कधी घेतला नव्हता. रिझवानाचं नाव वर नव्हतं, आत नव्हतं, शेवटी मानलेल्या आभारांतही नव्हतं. ती सरांकडे गेली, मी सोबत होते. सरांनी आमच्यासाठी चहा मागवला. असल्या माणसांचा सभ्यपणा मला शिवीपेक्षा जास्त झोंबतो.

"काम तुझं आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग पुन्हा करून दाखव. पुढच्या लेखात नाव घालू."

"सर, एखादा कण द्या. बियाण्यापुरता."

"ते सगळं तपासणीला पाठवलं."

तो उन्हाळा आठवला की माझा जीव आजही गुदमरतो. पंख्याखाली बर्नरची ज्वाला थरथरायची म्हणून पंखा बंद, खिडकीबाहेर पांढरंफटक आकाश, आणि रिझवानाच्या हातातली कांडी फ्लास्कवर घासत, घासत, घासत. तेच घटक, तेच तापमान, तोच हात. तळाशी येई ते तेल. तिने ते बर्फात ठेवलं, उन्हात ठेवलं, त्याच्याशी बोलली. चुना नसलेला एखादा तुकडा शोधत ती भिंतीच्या भेगांतली धूळ नखाने काढायची आणि फ्लास्कमध्ये झाडायची. तिचं नख रक्ताळलेलं मी पाहिलं आणि तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला. "खोली मला विसरली गं," ती म्हणाली.

पाऊस लांबलेल्या एका दुपारी आम्ही शहागंजात गेलो. चाचांच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. शोधनिबंध छापून आल्याचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी तो मागितला, छातीशी धरला, मग मांडीवर पसरला.

"कुठंय गं तुझं नाव?"

रिझवानाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने त्यांची तर्जनी धरली, शेवटचं पान उघडलं, आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर ती अलगद टेकवली.

"इथं, अब्बा. खाली."

ते बोट बराच वेळ त्या पांढऱ्यावर फिरत राहिलं, डावीकडून उजवीकडे, शिकलेलं एकेक इंग्रजी अक्षर गिरवत.

"बारीक लिवलंय," ते म्हणाले. "बराबर हाय. हाताचं नाव बारीकच आसावं."

रिझवाना सिल्लोडला परतली, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. पुन्हा प्रयोगशाळेची पायरी चढली नाही. आता ती नाही, चाचाही नाहीत. तिच्या तेलाचा शेवटचा फ्लास्क माझ्या कपाटात आहे, आणि हिवाळा लागला की मी तो खिडकीशी धरते, कांडी घासते. ते अजून गोठलेलं नाही. कुणाचाही शोधनिबंध हाती आला, की मी वरची नावं वाचत नाही, थेट शेवटच्या पानावर जाते. काळाने तिथे काहीच लिहून ठेवलेलं नसतं. तरी माझं बोट त्या कोऱ्या जागेवर जातं, आणि तिचं नाव पुरतं गिरवून झाल्याशिवाय तिथून उठत नाही.