गाइडच्या गळ्यातली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझा पट्टा दोनदा तुटून शिवलेला आहे, एका भिंगाच्या कडेचा टवका उडाला आहे आणि आतल्या काचांवर बुरशीचे जाळे पसरले आहे. आता माझ्यातून कुणी पाहत नाही. तरी मी जे पाहिले ते तुम्हाला सांगणार आहे, कारण त्या दिवशी ते माझ्याइतके स्पष्ट दुसऱ्या कुणीच पाहिले नव्हते.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ खोलीत झाला. तिथे एक बाई माझ्या नळ्यांमध्ये काचेचे लोलक बसवत. काचेवर वाफ धरू नये म्हणून काच बसवताना त्या श्वास रोखून धरत. मग मला डोळ्यांना लावून खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत. दोन नळ्यांमधून एकच टाकी दिसली, तेव्हा त्यांनी मला खोक्यात ठेवले.

एका सहल कंपनीच्या गाइडने मला विकत घेतले. ही कंपनी शहरातून लोकांना सकाळी राष्ट्रीय उद्यानात नेई आणि संध्याकाळी परत आणी. सहाला चौकातून मिनीबस सुटे, साडेआठला उद्यानाचे फाटक येई. मग नदीच्या दरीकाठची पायवाट, झाडाखाली बसून डबे, आणि तीन वाजता परत. बावीस वर्षे मी गाइडच्या छातीवर हेलकावत ही वाट तुडवली.

काय दिवस होते ते! गाइडला पानाआडचे घुबड दिसे. पलीकडच्या कड्यावर निजलेले हरीण तो बोटाने दाखवी आणि मग मला हातोहात फिरवी. लहान मुले मला उलटी धरत, आजोबा चष्म्यावरूनच लावत, आणि प्राणी दिसला की सगळे सारखेच गप्प होत. रोज घरी गेल्यावर गाइड मऊ फडक्याने माझी भिंगे पुसे. त्याची बायको म्हणे, माझ्या चष्म्याचे नशीब काही एवढे थोर नाही.

मग त्याच्या डोळ्यांना काहीतरी झाले. ते सगळ्यांत आधी मला कळले. माझे मधले चाक तो उगाच पुढेमागे फिरवू लागला. चित्र नीट जुळलेले असताना पुन्हा बिघडवी, पुन्हा जुळवी. त्याला कडेचे दिसत होते, पण जिथे नेमके पाहावे तिथेच मधोमध डाग पडत होता. त्यामुळे चालताना तो कुठे अडखळत नसे आणि कुणाला शंका येत नसे. डॉक्टरांनी सांगितले की हे वाढतच जाणार, आता हे काम सोडा. त्यानंतर तो डॉक्टरांकडे गेला नाही.

कंपनीत वर्षातून एकदा डोळे तपासत. भिंतीवर दर वर्षी तोच तक्ता असे. बायकोने त्यावरची अक्षरे उतरवून आणली आणि स्वयंपाक करता करता त्याच्याकडून ओळीने पाठ करून घेतली. तिला ते पटत नव्हते. पण पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरे काम कोण देणार, या भीतीने तीही गप्प बसली.

लोकांसमोर त्याने एक युक्ती काढली. तो मला प्रवाशाच्या हातात देई आणि म्हणे, "काय दिसतंय ते तुम्हीच सांगा." शेपटी केवढी, रंग कोणता, बसलाय कसा, हे विचारून तो प्राण्याचे नाव सांगे. लोकांना वाटे, काय छान शिकवतो हा माणूस. बसचा ड्रायव्हर मात्र त्याला ओळखून होता. एकदा टायर बघता बघता तो म्हणाला होता, दादा, एकदा डोळे दाखवून या. गाइडने हसून वेळ मारून नेली.

त्या दिवशी प्रवाशांमध्ये एक वयस्कर जोडपे होते. मुलीने त्यांना ही सहल भेट दिली होती. आजोबांनी सदतीस वर्षे एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवली होती. आयुष्यभर वरखाली झालो, आता जरा आडवे चालून बघतो, असे म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवले. आजीचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या बसजवळच्या बाकावर थांबल्या. आजोबा तपकिरी कोट घालून बाकीच्यांबरोबर पायवाटेने गेले.

परतताना ते मागे रेंगाळले. गाइडने मागे वळून पाहिले होते, पण त्याला मागचा माणूस दिसला की नाही ते त्यालाच ठाऊक. तीनला सगळे बसपाशी जमले. आजोबा नव्हते.

"हे अजून आले नाहीत," आजी म्हणाल्या. "जरा बघता का हो दुर्बिणीतून?"

गाइडने मला डोळ्यांना लावले आणि दरीपलीकडच्या वळणाकडे धरले. मित्रांनो, मला स्वच्छ दिसत होते. वळणावर एका मोडक्या झाडाचा खुंट उभा होता. माणसाएवढा उंच, तपकिरी, एका अंगाला शेवाळ धरलेला. बाकी वाट रिकामी होती. गाइडला मात्र डागाच्या कडेने काहीतरी तपकिरी दिसले. त्याने चाक फिरवले. पुन्हा फिरवले.

आजींनी हात पुढे केला. "मला द्या ना जरा. मी बघते."

त्याने मला दिले नाही. इतरांच्या हाती मला एवढ्या वेळा देणारा तो माणूस, त्या क्षणी त्याने पट्टा घट्ट धरला. आजींना जर वेगळेच काही दिसले असते, तर सगळे उघडे पडले असते.

"दिसले मावशी," तो म्हणाला. "येतायत. सावकाश येतायत, एवढंच."

आजींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डबा उघडून आजोबांसाठी दोन घास बाजूला काढून ठेवले. वीस मिनिटांनी गाइडने पुन्हा पाहिले आणि ते दम खायला थांबलेत असे सांगितले. त्यानंतर त्याने मला डोळ्यांना लावलेच नाही.

चारच्या सुमाराला ड्रायव्हर त्याच्याजवळ आला. एवढा वेळ माणूस हलत कसा नाही, असे म्हणत त्याने मला गाइडच्या गळ्यातून काढून घेतले. त्याने पाहिले.

"दादा, तो खुंट आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

ड्रायव्हरने फाटकावर कळवले आणि वनरक्षक धावत गेले. ऊन उतरण्याआधी आजोबा सापडले. ते वाटेच्या कडेवरून घसरून खाली कपारीत पडले होते. मांडीला खोल जखम होती आणि तिच्यावर त्यांनी स्वतःच आपला रुमाल बांधला होता. अंग अजून गरम होते, पण जीव गेला होता. नंतर डॉक्टरांनी सांगितले की तासभर आधी कुणी पोचले असते, तर माणूस हाती लागला असता.

चौकशी लागली. कंपनीच्या मॅनेजरने गाइडसाठी जबाब लिहून दिला. प्रवाशाने सूचना मोडली, दरीत धुके होते, धुक्यामुळे नजरचूक झाली. त्या दिवशी आकाश धुतल्या काचेसारखे होते, हे मी सांगू शकले असते. ड्रायव्हरनेही मान खाली घालून धुक्याला होकार दिला. त्याला गाइडला वाचवायचे होते. बायकोने तो कागद गाइडला घरी चार वेळा वाचून दाखवला आणि त्याचा तो पाठ झाला.

सुनावणीच्या खोलीत मी टेबलावर होते, पट्ट्याला चिठ्ठी बांधलेली. समोर आजी आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या. गाइडने कागद हातात धरला आणि दोन वाक्ये म्हटली. तिसऱ्याला तो थांबला. अधिकाऱ्याने पुढे वाचायला सांगितले. त्याने कागद खाली ठेवला.

"मला वाचता येत नाही, साहेब. अक्षरं दिसत नाहीत. त्या दिवशीही दिसत नव्हतं. धुकं नव्हतं. मी खोटं बोललो."

मॅनेजर उठून उभा राहिला, पण त्याचे कुणी ऐकले नाही. आजी गाइडकडे बघत राहिल्या.

"दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतंत," त्या म्हणाल्या. "माझे डोळे चांगले आहेत. मी बघितलं असतं."

मागच्या बाकावर त्याच्या बायकोने पदराने तोंड झाकले.

कंपनीने सगळा दोष त्याच्यावर ढकलून हात झटकले. त्याचा परवाना गेला आणि शिक्षा झाली. शिक्षा भोगून तो घरी आला, तोवर त्याला बायकोचा चेहराही दिसेनासा झाला होता. मी तीन वर्षे पुरावा म्हणून एका ओलसर सरकारी कपाटात बंद पाकिटात पडून होते. तिथेच मला बुरशी लागली. एके दिवशी ड्रायव्हरने सही करून मला सोडवले आणि गाइडच्या घरी आणून दिले. गाइडने मला हातात घेतले, चाकावरून बोट फिरवले आणि मला बायकोकडे दिले. तिने मला कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवले. आजी कुठे असतात, कशा असतात, ते मला माहीत नाही. या घरात त्यांचे नाव निघत नाही.

मित्रांनो, दुर्बीण घेतलीत तर तिला ओलसर जागी ठेवू नका, भिंगे बोटाने पुसू नका. आपले डोळे वेळेवर दाखवा, आणि घरातल्या कुणाचे डोळे मंदावत असतील, तर त्यांना तक्ता पाठ करायला मदत करू नका. आणि कुणी घाबऱ्या जिवाने तुम्हाला विचारले, की माझा माणूस दिसतोय का, तर दिसले असेल तेवढेच सांगा. नसेल दिसत, तर नाही दिसत म्हणा आणि दुर्बीण त्यांच्या हातात द्या.