बर्फावरची माती

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. लडाखमधल्या झंस्कारच्या एका घराच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली असते. माझ्या काठाची दोन फोकं तुटली आहेत, पण पाठीवर बसायची ऐट अजून गेलेली नाही.

यांगडोल लग्न होऊन या घरात आली, तेव्हा तिच्या सासऱ्याने ओढ्याकाठच्या वाळुंजाची फोकं कापून मला विणलं. माझं मुख्य काम माती वाहणं. आमच्याकडे उन्हाळा पाहुण्यासारखा येतो आणि चहा निवायच्या आत उठतो. बर्फ आपणहून वितळेल म्हणून वाट बघत बसलं, तर वाटाणा शेंगेत भरण्याआधीच गारठून जातो. म्हणून हिवाळ्याआधीच कोरडी माती घरात साठवायची आणि ऊन तापू लागलं की शेतातल्या बर्फावर पसरायची. माती ऊन पिते, खालच्या बर्फाचं पाणी होतं.

यंदा यांगडोलचे गुडघे धरले. सून दोलकर नवी, खालच्या खोऱ्यातली. तिकडे बर्फ आपला आपण जातो. पोरगी कामाला वाघीण, पण घाई फार. तिने मला काठोकाठ भरलं आणि बर्फावर ढीगच्या ढीग ओतले. जितकी माती जास्त तितकं बरं, असं तिला वाटलं. मी ओरडणार तरी कशी?

शेजारच्या शेतांत जमीन दिसू लागली, आमच्या मातीखाली बर्फ जसाच्या तसा. यांगडोल काठी टेकत बांधावर आली.

"अगं, बर्फाला गोधडी पांघरलीस की! आता झोपेल तो कापणीपर्यंत."

"आता काय करू, आमा? वाटाणा गेला तर पुढच्या वर्षीचं बीसुद्धा जाईल."

"रडायचं नंतर. आधी गोधडी काढ. आणि थुकपाच्या रश्शात मीठ टाकतेस ना, तशी टाक माती."

दोलकरने कमरेचा पट्टा आवळला. ओली, जड माती हातांनी खरवडून ती माझ्यात भरायची आणि पुढे जाऊन पातळ पसरायची. तिची बोटं फुटली, माझी फोकं मोडली. तुटलो तरी चालेल, पण आता थांबायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंच होतं. बर्फ हळूहळू हटला. भिंतीच्या सावलीतला एक कोपरा तेवढा राहिला आणि माती संपली.

यांगडोलने माझ्याकडे पाहिलं. "राखही चालते. ही मोडकी घाल चुलीत."

"नाही हं, आमा!" दोलकरने मला पोटाशी धरलं. "चुलीत आहे तेवढी राख पुरे. हिला मी नवी फोकं घालीन."

तेव्हा मला फार भरून आलं. चुलीतली राख पुरली. आता त्या कोपऱ्यातही वाटाण्याला शेंगा धरल्या आहेत. नव्या फोकांचं मात्र अजून काही दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू लगेच चुलीत घालू नका. दोन फोकं घातली की आम्ही पुन्हा पाठीवर बसतो. पण एखाद्या वर्षी माती आणि राख दोन्ही कमी पडली, तर मला खुशाल जाळा. फक्त माझी राख पातळ पसरा.