शांत बैठक

फळ्याच्या डाव्या बाजूला तिने फोन कंपनीचं जुनं जाळं काढलं होतं: मधोमध एकच मेंदू, बाकी सगळे त्याचे हुकमाचे ताबेदार. उजवीकडे नवं, सध्या विभागातल्या मोबाइलवर चाचणी चाललेलं: सेवा वरच्या थरात, ज्याला हवी त्याने बनवावी आणि चढवावी.

"जुन्यात नवी सेवा आणायची तर सहा महिने," ती म्हणाली. "मेंदूला हात लावला की सगळ्याचीच तपासणी. नव्यात दुपारपर्यंत चालू."

"काल मीच एक चढवली की!" खटपट्या म्हणाला. विभागात त्याला याच नावाने हाक मारत, आणि तो ओ देई. "'शांत बैठक'. बैठक सुरू झाली की या इमारतीत आपले सगळ्यांचे मोबाइल गप्प. वाजला एकाचा तरी?"

सगळे हसले. तीही हसली, नुसती तोंडाने.

बाळंतपणाच्या रजेवरून आल्या आल्या तिनेही एक चढवली होती. काही झालं तरी पाळणाघराचा फोन वाजलाच पाहिजे. बाळाला तापात एकदा झटका आला होता. ताप दिसला की लगेच औषध, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कोपऱ्यातला टेबलफोन खणखणला. तो अजून जुन्या जाळ्यावरच होता. साहेबांनी उचलला आणि तिच्यापुढे धरला. "तुमच्या सासूबाई."

"अगं, पाळणाघरातल्या बाई तुला फोन करून करून थकल्या, मग मला केला. ताप चढला होता त्याला. घरी आणलंय, औषध पाजलंय. झोपलाय."

"झटका?"

"नाही गं बाई, वेळेत पोचले. पण फोनवाल्यांचाच फोन लागू नये? दिव्याखाली अंधार तो हाच!"

"येते, आई."

रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. फोन ठेवून तिने काय झालं ते सगळ्यांना सांगितलं. दोन्ही सेवा एकाच थरात, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही. जी नंतर चढली तिचाच शब्द शेवटचा.

खटपट्याचा चेहरा उतरला. "अहो, तुमची पण आहे हे मला कुठे माहीत होतं?"

"मला तरी तुझी कुठे माहीत होती?"

साहेब खाकरले. "मग, नवंच घ्यायचं ना? आज वर कळवायचंय."

तिने उजव्या चित्रात सेवांच्या खाली एक चौकट काढली. "नवंच. पण मध्ये हे लागेल. नवी सेवा चढण्याआधी बाकीच्यांना विचारणारं."

"त्यात प्रत्येक सेवेमागे चार महिने जातील. मग जुन्या-नव्यात फरक काय राहिला?" साहेबांनी विचारलं.

"दोन महिन्यांचा," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

बैठक संपली नव्हती, म्हणून जिन्यातही मोबाइल मुकाच होता. रस्ता ओलांडून ती पलीकडे गेली, तेव्हा कुठे तो थरथरू लागला. पाळणाघर. पाळणाघर. पाळणाघर.