मैनाची तपासणी

माणूस असो, माल असो की पाखरू, अस्सल कोणतं आणि मिलावटी कोणतं हे ओळखणारी नजर ईश्वर शतकातून एखाद्यालाच देतो, असं गुणवंतराव अधारतालच्या तळ्याकाठी उभं राहून म्हणाले. त्यांच्या अंगात चुकून बायकोचा, शरयूताईंचा, जांभळा स्वेटर होता.

"तरीच म्हणतो, बटणं उलटीकडे काहून आली," खाली पाहत ते म्हणाले.

शरयूताई धुक्यात मैनाला शोधत होत्या.

मैना ही त्यांची पाळलेली हंसीण. मुलं पुण्याला गेल्यापासून घरात भांडायला तीच उरली होती. हिवाळ्यात जंगली कलहंसांचा थवा ओरडत छपरावरून गेला आणि मैना फाटकातून चालत, सरळ तळ्यावर. आता थंडी सरत आलेली. आज-उद्या थवा उत्तरेला उडणार, जडशीळ मैना मागं राहणार, आणि काठावरची कुत्री तर वाटच पाहून राहिली होती. न्यायची तर आजच. पण तीही करडी, थवाही करडा.

गुणवंतरावांची उभी हयात खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात माल पास-नापास करण्यात गेली होती. त्यांनी दुर्बीण लावली.

"मान जाड, पोट लोंबतं, चाल पंगतीतून उठलेल्या मामीसारखी, ते घरगुती. बाकी जंगली. पास… पास…"

धुक्यात पाणी नव्हतं, काठ नव्हता. कोणाला तरी आठवावं तसा एकेक पक्षी उमटायचा आणि विसरावा तसा विरून जायचा. "पास" हा शब्दही थोडा वेळ तरंगून विरघळत होता.

"ही पाहा! जाड मान, पोटावर पांढरे डाग. रिजेक्ट!"

"मैनाला कुठं डाग आहेत जी?"

"संगतीनं पडले असतील."

गुणवंतराव गुडघाभर पाण्यात शिरले. रिजेक्टनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उडाली. मागोमाग सगळा थवा. धुक्यालाच पंख फुटल्यासारखं झालं.

"मिसळीची होती," शरयूताई वर बघत म्हणाल्या. "अर्धी घरची, अर्धी जंगलची. आपल्या नातवासारखी, तनयसारखी. आजीची मराठी समजते, उत्तर आईच्या हिंदीत."

पाण्यावर एकच पक्षी उरला होता. गुणवंतरावांनी तीनदा पास केलेला, "एकदम ओरिजनल." तो पंख पसरून धावला, पाण्यापासून हातभर उचलला गेला आणि क्षणभर तसाच टांगून राहिला. जिला न्यायला आल्या होत्या तिलाच शरयूताई पुटपुटल्या, "जा गं, जमत असलं तर जा."

धप्प.

मग त्या पाखराला धुक्यातून जांभळा स्वेटर दिसला. ते तडक आलं आणि वाकलेल्या गुणवंतरावांच्या काखेत मान खुपसून राहिलं.

"पाहिलंस? याला म्हणतात नजर," ते म्हणाले. आवाज मात्र जरा ओला होता. "अगं, तिनं आकाश सोडलं, आपल्यासाठी!"

"हो जी," दोघं काठावर येताच शरयूताईंनी मैनाच्या हिवाळाभरात खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला. "आता तो स्वेटर काढून द्या. कुडकुडून राहिली, गुंडाळते तिला."