पूजेला न बसलेले ठोकळे

दसऱ्याची सुट्टी संपवून मी कुरुळीतल्या आमच्या सिमेंट ब्लॉकच्या कारखान्यात शिरले आणि हौदापाशीच थबकले. चाचणीसाठी नुकतेच हौदात घातलेले साध्या वाळूचे ठोकळे आमच्याकडे कामाला असणाऱ्या दुर्गामावशींनी खंडेनवमीला बाहेर काढून, पुसून, हळदकुंकू लावून यंत्राशेजारी मांडले होते. तेव्हापासून तसेच, कोरडे! पाण्यात मुरल्याशिवाय काँक्रीट ताकद धरत नाही, हे मी किती वेळा घसा कोरडा करून सांगितलंय. काळ्या वाळूचे ठोकळे मात्र हौदातच होते.

"मावशी, हे बाहेर का काढले?"

"यंत्रं पुजतो, मग आपल्या हातानं घडवल्यालं न्हाई पुजायचं व्हय? काळं तेवढं ठिवलं. काळं पूजंला चालत न्हाई, ताई."

कपाळावर हात मारून घ्यायलाही वेळ नव्हता. फाउंड्रीचे निमिषसाहेब चाचणीला दारात हजर. काळी वाळू त्यांचीच, लोखंड ओतायचे साचे करून टाकून दिलेली. तिचा डोंगर आमच्या चाळीमागे पडलाय. वारा सुटला की माझ्या लेकीच्या, ओवीच्या, भातावर काळं, छातीत काळं, आणि रात्रभर खोकला. काळे ठोकळे साध्यांच्या तोडीस तोड ठरले, तर तो डोंगर उचलून आमच्या ब्लॉकमध्ये वापरायचा, असं ठरलेलं.

ठोकळे दाबून फोडायच्या यंत्राचा दाब वाढू लागला. साधे ठोकळे लवकर फुटले. काळे टिकले, आणखी टिकले.

"कमाल! वर्षालीताई, उद्याच डंपर पाठवतो!"

उद्याच! गप्प बसले तर कुणाला कळणार होतं? पण या निकालावर विसंबून घातलेली एक जरी फरशी खचली, तर काळ्या वाळूला पुन्हा कुणी हात लावणार नाही. ढीग मग जन्माचा आमच्याच मागे.

"साहेब, ही तुलना खोटी आहे," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा चेहरा पडला. "मग नवे ठोकळे, नवी चाचणी. पुढं दिवाळी. महिना गेलाच धरा."

घरी आले तर ओवी उशीला टेकून खोकत बसली होती. "आई, ढीग कधी नेणार गं?"

मला तिच्याकडे बघवेना. साहेबांपुढे खरं बोलून आलेली मी, पोरीला म्हणाले, "उद्या."