दहापैकी नऊ

सेमिनरीतली पोरं रेक्टरांना, म्हणजे तिथल्या मुख्य फादरांना, पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणत. तोंडावर अर्थातच ‘फादर’. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याला माणसाची पारख होती. रेक्टरांच्या पांढऱ्या झग्यावर कधी चुणी दिसली नाही, आणि धर्मगुरू व्हायला आलेल्या पोराच्या अंगावरची चुणीही त्यांना खपत नसे. गल्लीतली भाषा, जेवताना मचमच करणं, आईच्या आठवणीने मुसमुसणं, सगळं ते एकेक करून सरळ करत. पोरगं ओलं आहे तोवरच ताप द्यायचा, मग ते आयुष्यभर ताठ राहतं, असं त्यांचं म्हणणं. टोपणनाव त्यांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर मनातून ते त्यांना आवडलंही होतं.

आठवड्यातला एक तास मात्र ही इस्त्री थंड असे. तो तास शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या पापनिवेदनाच्या सरावाचा. पुढच्या वर्षी ही पोरं धर्मगुरू होणार, लोक त्यांच्यासमोर गुडघे टेकून आपली पापं सांगणार. समोरचा काय सांगेल याचा नेम नाही, तेव्हा आधी हात बसायला हवा. त्यासाठी मागच्या वर्गात एका पाडलेल्या चर्चमधली जुनी लाकडी जाळी उभी केली होती. जाळीच्या एका बाजूला खुर्ची, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकायची फळी. एकाने धर्मगुरू व्हायचं, दुसऱ्याने पापी व्हायचं आणि मनाने रचलेलं पाप सांगायचं. बाकीच्यांनी बाकांवर बसून ऐकायचं. शेवटी रेक्टर गुण देत.

कसं करायचं ते दाखवायला रेक्टर कधीकधी स्वतःच फळीवर गुडघे टेकत. मग ते स्वतःचं एकही पाप न सांगता सुनेची सगळी पापं सांगणारी सासू होत, नाहीतर प्रायश्चित्तात घासाघीस करणारा दारुडा होत. आवाज, खोकला, नाक ओढणं, सगळं हुबेहूब. पोरं हसून हसून बाकांवर लोळत. एरवी ज्यांच्या सावलीला पोरं टरकत, तेच रेक्टर त्या तासाला नाटक कंपनीत शोभले असते.

“पाप खोटं असू दे,” ते बजावत, “पण खऱ्यासारखं आलं पाहिजे. आणि दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. किती वेळा, आणि कधीपासून.”

पोरं बिचारी काय पापं रचणार? दुकानदाराने वजनात मारलं, शेजारणीने कोंबडा लांबवला, कारकुनाने साहेबाच्या डब्यातलं खाल्लं, इथवरच त्यांची मजल. रेक्टर चार नाहीतर पाच गुण देऊन नाक मुरडत.

त्या दिवशी धर्मगुरूच्या खुर्चीत ‘ढब्बू’ बसला होता. जाड, हसरा, जिभेवर सतत काहीतरी चावट. फळीवर ‘गजर’ची पाळी होती. गजर म्हणजे सकाळची घंटा वाजवणारा मुलगा. आला त्या वर्षापासून ते काम त्याच्याकडे होतं आणि तापाने फणफणलेला असतानाही त्याने ते चुकवलं नव्हतं. कमी बोलणारा, सांगितलं की ऐकणारा, अक्षर मोत्यासारखं. रेक्टरांनी आजवर घडवलेल्या पोरांत हा सगळ्यांत सरळ उतरलेला. बिशपांपुढे, पाहुण्यांपुढे ते त्यालाच पुढे करत.

गजरने गुडघे टेकले, जाळीला कपाळ लावलं आणि सांगायला सुरुवात केली.

“माझा विश्वास उरलेला नाही,” तो म्हणाला. “मी रोज सकाळी घंटा वाजवतो. सगळे उठतात, पण मला वाटतं, वर कोणालाच ती ऐकू जात नाही. प्रार्थना म्हणतो ती नुसती तोंडाने. घरी जावंसं वाटतं, पण घरी कुठल्या तोंडाने जाणार? तिथे भिंतीवर माझा पांढऱ्या झग्यातला फोटो लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मी त्या फोटोतला नाही आणि इथलाही नाही. जगायचं कशासाठी ते कळत नाही. हे पाप आहे की नाही ते मला माहीत नाही. असेल तर क्षमा असावी.”

आवाज चढला नाही, उतरला नाही. ढब्बूची बोबडीच वळली.

“बाळा,” तो कसाबसा म्हणाला, “रोज प्रार्थना कर. आणि... झोप नीट घे.”

वर्गात हशा पिकला. रेक्टरांनी टाळी वाजवली, तेव्हा पोरांनीही वाजवली.

“याला म्हणतात सराव!” रेक्टर म्हणाले. “आवाज कसा लावला होता बघितलंत? जिवाला कंटाळलेला माणूस असाच बोलतो, गळा काढून रडत नाही. आणि तो फोटो! असा एक बारकावा आला की पाप खरं वाटतं. शिका याच्याकडून. दहापैकी नऊ. एक कापला, कारण कधीपासून ते सांगितलं नाहीस.”

गजर उठला. झग्याला गुडघ्यांपाशी लागलेली धूळ त्याने झटकली.

“लक्षात ठेवीन, फादर,” तो म्हणाला आणि आपल्या बाकावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा झाली नाही. रेक्टरांना जाग आली ती तोंडावर पडलेल्या उन्हाने. ते आधी चिडले. सकाळच्या मिस्सेच्या प्रार्थनेला उशीर, सगळ्या दिवसाचा विचका! खरडपट्टी कशी काढायची याची वाक्यं मनात जुळवत ते ओवरीतून गजरच्या खोलीपर्यंत गेले. खाट नीटनेटकी होती. चादरीवर एक चुणी नव्हती. दुपारी पोलिसांना तो मागच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात सापडला.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते रेक्टरांना नीट आठवत नव्हतं. दफनाच्या वेळी प्रार्थना त्यांनीच म्हटली आणि एका शब्दालाही अडखळले नाहीत. सवयीची जीभ काय, चालत राहते. मन मात्र एकाच ठिकाणी घुटमळत होतं. सरावाच्या काही दिवस आधी गजर त्यांच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला होता. बिशपांची भेट तोंडावर होती, टेबलावर कामांचा ढीग. “फादर, जरा बोलायचं होतं,” म्हणून त्याने सुरुवात केली, दोन वाक्यं पुढे, एक मागे, मध्येच गप्प. रेक्टर म्हणाले होते, “असं तुकड्यातुकड्यांत नको. आधी मनात नीट लावून घे, मग ये.”

त्याने सांगितल्याप्रमाणे केलं होतं. मनात नीट लावून घेतलं होतं, आणि मग आला होता. आयुष्यभर त्याने दुसरं केलं काय होतं, सांगितल्याप्रमाणे वागण्याशिवाय!

उपरेक्टर धर्मनियम शिकवत. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक गाठीला नियमाचं एक टोक असतं आणि ते ओढलं की गाठ सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती.

“पोरांना मी तोंडाला कुलूप लावायला सांगितलंय,” ते म्हणाले. “पापनिवेदनात ऐकलेलं बाहेर काढता येत नाही. संपलं.”

“ते पापनिवेदन नव्हतं,” रेक्टर म्हणाले. “सराव होता. खुर्चीत ढब्बू होता. तो कुठे अजून धर्मगुरू झालाय?”

“तुम्ही होतात ना खोलीत? त्याने सांगितलं, तुम्ही ऐकलंत. मी म्हणतो, ते पापनिवेदनच होतं.”

“पापनिवेदनाला कोणी गुण देतं का?”

उपरेक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “उद्या त्याचे वडील ट्रंक न्यायला येतायत,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्या माणसाला हे सांगून तुम्ही त्याचं काय भलं करणार आहात? अभ्यासाचा ताण होता म्हणायचं. ढब्बू जेवत नाहीये, बाकीची पोरं बावरलीत. एवढी मोठी संस्था आहे. तुमच्या एकट्याच्या मनाला बरं वाटावं म्हणून सगळ्यांना खड्ड्यात नका घालू.”

हे शेवटचं रेक्टरांना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. सांगून टाकलं की आपल्या छातीवरचं ओझं उतरेल, पण ते उतरून पडणार कोणाच्या डोक्यावर? आणि न सांगितलं, तर तो बाप मरेपर्यंत अंधारात चाचपडत राहणार. शिवाय नियमाची ती पळवाट किती सोयीची होती! पापनिवेदनाची गुप्तता जिवापलीकडे जपायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तिच्याच आडोशाला आता स्वतः लपायचं, या विचाराने त्यांना स्वतःची किळस आली. तरी सकाळ होईपर्यंत त्यांचं काहीच ठरलं नाही.

बाप बसचा ड्रायव्हर होता. कामाच्या खाकी कपड्यांतच आला होता, रजा शिल्लक नव्हती म्हणाला. ऑफिसात त्याने पाणी घेतलं, खुर्चीच्या कडेवर बसला. रेक्टर काहीतरी बोलत राहिले, तो मान हलवत राहिला.

“तो बसायचा तो वर्ग दाखवता?” त्याने मध्येच विचारलं.

मागच्या वर्गात गजरचा बाक रिकामा होता. बापाने त्याच्यावरून हात फिरवला. मग त्याचं लक्ष जाळीकडे गेलं.

“हीच का ती? पाप सांगायची?” तो म्हणाला. चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं. “सांगायचा तो. तुम्ही नकला फार छान करता म्हणायचा. तुमची ती सासू आम्हाला घरी करून दाखवायचा. त्याची आई हसून हसून बेजार व्हायची.”

रेक्टरांनी जाळीवरून नजर काढून घेतली.

“त्या संध्याकाळी फोन आला होता त्याचा,” बाप पुढे म्हणाला. “म्हणाला, बाबा, आज फादरांनी सगळ्यांदेखत मला शाबासकी दिली. मी विचारलं, कशाबद्दल रे? म्हणाला, बोलण्याबद्दल. आमचं पोरगं आणि बोलण्याबद्दल! घरात चार शब्द तोंडातून काढायचे तर मारामार. मी डेपोत सगळ्यांना सांगितलं. चहा पाजला.” त्याने रेक्टरांकडे पाहिलं. “शाबासकी कशाबद्दल होती फादर? काय बोलला होता तो?”

‘मला सांगता येत नाही’ हे वाक्य रेक्टरांच्या ओठांवर तयार होतं. समोरच्या माणसाने ते मुकाट्याने ऐकून घेतलं असतं, धर्मगुरूचा शब्द म्हणून मान तुकवली असती आणि ट्रंक उचलून तो निघून गेला असता. त्याच्या पोरालाही त्यांनी असंच वळण लावलं होतं. रेक्टरांना ते सहन होईना.

“तुम्ही बसा,” ते खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले. “सांगतो.”

“तिथे? मी?”

“बसा.”

बाप धर्मगुरूच्या खुर्चीत अवघडून बसला. रेक्टरांनी जाळीच्या दुसऱ्या बाजूला फळीवर गुडघे टेकले.

“त्याने एक पाप सांगितलं. सरावासाठी. मला वाटलं, रचलेलं आहे.”

“तसंच सांगा,” बाप म्हणाला. “तो म्हणाला तसं. तुम्हाला जमतं ना?”

रेक्टरांनी डोळे मिटले. शब्द आठवावे लागले नाहीत. विश्वास उरलेला नाही, घंटा, वर कोणालाच ऐकू जात नाही. आवाज आपोआप लागला, न चढता, न उतरता. नक्कल नव्हती ती, आणि त्या दिवशीही नव्हती. भिंतीवरचा फोटो आला तेव्हा जाळीपलीकडे खुर्ची करकरली. जगायचं कशासाठी, इथेही ते थांबले नाहीत. असेल तर क्षमा असावी, इथपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं.

“आणि मी टाळी वाजवली,” ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. “म्हटलं, शिका याच्याकडून. दहापैकी नऊ दिले. कधीपासून ते सांगितलं नाही, म्हणून एक कापला. ही शाबासकी होती. त्याच्या आधी तो माझ्याकडे आला होता, मी त्याला परत पाठवलं होतं.”

हजारो लोकांना आजवर रेक्टरांनी पापक्षमेचे शब्द म्हटले होते. त्यातला एक आता कोणीतरी आपल्याला म्हणावा, असं त्यांना भुकेसारखं वाटलं. पण पलीकडे एक बस ड्रायव्हर बसला होता, आणि त्याला असले शब्द येत नव्हते.

“मागच्या सुट्टीपासून,” बाप शेवटी म्हणाला.

रेक्टरांनी डोळे उघडले.

“कधीपासून ते मी सांगतो. सुट्टी संपली तेव्हा म्हणाला, बाबा, मला परत जायचं नाही. तो फोटो काढा म्हणाला. मी म्हटलं, वेडा का खुळा तू? फादर म्हणतात, असा मुलगा आजवर झाला नाही. मग माझ्याच गाडीतून इथे आणून सोडलं त्याला. माझ्या मागच्या सीटवर बसला होता. आरशात दिसत होता मला सगळा रस्ता. एक शब्द बोलला नाही.”

तो उठला. दाराशी ठेवलेली ट्रंक त्याने उचलली. रेक्टर अजून फळीवरच होते.

“तेव्हापासून,” बाप म्हणाला. “आता तो एक मार्क देऊन टाका त्याला.”