उरवलेल्या बट्ट्या

मे महिन्यातल्या त्या रविवारी रोहिणी धुळ्याहून आली, तेव्हा आबा गच्चीवर बट्ट्या वाळत घालत होते. डोक्यावर ओला पंचा, पायात स्लीपर, आणि पुढ्यात जुन्या धोतराच्या धडप्यावर उकडलेल्या कणकेच्या पिवळसर चकत्या ओळीनं मांडलेल्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि गच्ची आत्ताच तव्यासारखी तापली होती.

"आबा, किती केल्या होत्या काल?"

"झाल्या जरा जास्त."

"दर शनिवारी जास्त होतात."

"हाताची सवय. चारशे माणसांचा हात हा, एका माणसावर कसा येईल?"

हे उत्तर तिला पाठ होतं. लीलाधर आबा वरणगावच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं आचारी होते. निवृत्त होऊन जळगावात घर केलं त्याला अकरा वर्षं झाली, तरी शनिवारची वरण-बट्टी काही आटोक्यात येत नव्हती. खाणारा एक आणि बट्ट्या तीस. निम्म्या तळायच्या, निम्म्या न तळता ठेवायच्या, आणि रविवारी त्यांचं काहीतरी दुसरंच व्हायचं. रोहिणी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. एकटी राहायची, कपानं मोजून तांदूळ घ्यायची, आणि तिच्या फ्रिजमध्ये दुधाखेरीज सहसा काही नसायचं. बापाचा हात लेकीत उतरला नाही असं सगळेच म्हणत. तिलाही ते पटलं होतं.

रविवारचं जेवण आबांच्या घरी ताजं म्हणून नसायचंच. आठवडाभराचं जे काही असेल ते त्या दिवशी नव्या कपड्यात समोर यायचं. वरणात कणीक मळली जायची आणि तिचे पराठे व्हायचे. भाकरीचे तुकडे ताकात भिजायचे, वर लसणाची फोडणी बसायची. खिचडी थालीपिठात लपायची. त्या दिवशी कच्च्या केळ्यांची भाजी होती, आणि सालं फेकायची नाहीत म्हणून तीळ घालून सालींची चटणी.

"ताजं कुणीही करतं," आबा चटणी वाटता वाटता म्हणाले. "शिळ्याला माणसात आणतो तो आचारी."

साडेअकराला नासीरचाचा आणि छगननाना आले. नासीरचाचांनी कँटीनची कोठी सांभाळली होती. डाळ, तेल, तिखट त्यांच्या हातून निघाल्याशिवाय चूल पेटायची नाही. छगननाना पारोळ्याकडचे. त्यांचं काम ताटं गोळा करण्याचं. कोण काय टाकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. "मानूस खोटं बोलस, ताट नही," असं ते म्हणायचे, आणि दर रविवारी स्वतःचं ताट असं निपटून ठेवायचे की चाटायला मांजरही नको.

आबांनी तिघांना वाढलं. स्वतः नेहमीप्रमाणे पातेल्याजवळच्या लाकडी स्टुलावर, पळी हातात घेऊन. रोहिणीचा पराठा संपला तशी पळी पुढे आली. तिनं ताटावर हात आडवा धरला.

"बस, आबा."

"एवढ्यात?"

"पोट भरलं."

आबांनी पळी मागे घेतली. ते कधीच आग्रह करत नसत.

ताटावर हात धरायची सवय जुनी होती. आई गेली तेव्हा रोहिणी आठ वर्षांची. वरणगावच्या दोन खोल्यांत संध्याकाळी आबा तिला आधी वाढायचे आणि मग स्वतः बसायचे. एकदा पाणी प्यायला ती मध्येच उठली, तर आबा पातेलं तिरपं करून भाकरीच्या तुकड्यानं तळ पुसत होते, आणि वर तांब्याभर पाणी प्यायले. दुसऱ्या दिवसापासून तिनं दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद केलं. आपण घेतलं की त्यांना कमी पडणार, हिशेब साधा होता. सकाळी मात्र आबा पाळीवर गेले की पातेल्यात जे असेल ते ती शेवटच्या शितापर्यंत खायची. त्यांचं जेवण तर होऊन गेलेलं असायचं. मग खायला काय हरकत? पुढे पगार वाढला, भांडी मोठी झाली, ती स्वतः कमवू लागली. हात तसाच राहिला. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असंच वाटायचं.

संध्याकाळी आबांनी नेहमीप्रमाणे डबा भरून दिला. पराठे आणि चटणी. बसमध्ये तिच्या हातून डबा पारोळा यायच्या आत रिकामा झाला. तोही नेहमीप्रमाणेच.

सोमवारी दुपारी जेवून आबा पंख्याखाली आडवे झाले, ते उठले नाहीत.

*

शनिवारी तेरावं झालं. पाहुणे पांगले. शेजारच्या रूपाकाकूंनी जाता जाता स्वयंपाकघरात डोकावून सांगितलं, "रोहिणी, ते डबे रिकामे करून टाक गं. उन्हाळा आहे, पोरकिडे होतील. सगळं उरलंसुरलं तर आहे."

"हो, काकू," रोहिणी म्हणाली, आणि डब्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार उजाडला. तिची रजा संपत होती. सोमवारी सकाळच्या बसनं धुळ्याला जायचं आणि घराला कुलूप लावायचं. म्हणजे हातात एकच रविवार उरला होता. रात्रभर विचार करून तिनं ठरवलं होतं, या घरातलं काहीही फेकायचं नाही. दुकानातून काही आणायचंही नाही. आबांनी जे ठेवलंय त्यातून आबांचा एक रविवार उभा करायचा. जमेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या दारात तीनदा जाऊन परत आली होती.

साडेअकराला कडी वाजली. कुणाला बोलावलं नव्हतं. दारात नासीरचाचा, हातात कांद्यांची पिशवी. मागे छगननाना, हात रिकामे.

"रविवार शे ना आज?" नाना चपला काढत म्हणाले. "पायच इकडे वळी गयात." मग तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "काय पोरी, सुकीसन काटकी व्हई गई."

"बसा नाना. पण घरात उरलेलं काहीच नाही. तेरा दिवस इथं चूल कुठे पेटली? जेवण शेजारून येत होतं."

"उरेल नही? मग रविवार कसाना?"

"छगन, तू गप्प बस," नासीरचाचा म्हणाले. "कोठी बघितल्याशिवाय नाही म्हणायचं नसतं. चल बेटी."

फळीवर डबे ओळीनं होते. कँटीनची शिस्त: प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या शाईत नाव. कुरडईचा चुरा. बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, तुकडे. भाजलेले दाणे. काळा मसाला. शेवटच्या डब्यावर पदार्थाचं नाव नव्हतं. नुसतं 'रविवार' असं लिहिलेलं.

रोहिणीनं डबा हलवला. आत खडखड झाली. झाकण उघडलं, तर बट्ट्या. कडक वाळलेल्या, नाण्यासारख्या वाजणाऱ्या. आबांनी त्या सोमवारी सकाळी गच्चीवरून उतरवून भरून ठेवलेल्या. ओवा आणि हळदीचा वास अजून होता.

"घे," नासीरचाचा म्हणाले. "आचाऱ्यानं कोठी भरून ठेवलीय. आता अडचण काय?"

"मला येत नाही, चाचा."

"आम्ही कुठे सांगतोय की येतं?" म्हणून त्यांनी पिशवीतले कांदे ओट्यावर ओतले.

मग सुरू झालं. रोहिणीनं सवयीनं कप काढला. नासीरचाचांनी तो तिच्या हातातून घेऊन फळीवर उपडा घातला.

"कप चहाला. इथं मूठ."

"माझी मूठ लहान आहे."

"तर मग दोन घाल."

कांदे गॅसवर काळे होईपर्यंत भाजले. सुक्या खोबऱ्याचा शेवटचा तुकडा निघाला. तो नानांनी आधी हुंगला, थोडा खाल्ला आणि मगच किसायला दिला. दाण्यांचं कूट, मूठभर काळा मसाला, लसूण. तेल तापलं, वाटण पडलं, आणि घरात असा खमंग ठसका उठला की तिघंही एकदम खोकू लागले. शेजारून रूपाकाकूंच्या खोकल्याचा आवाज आला.

"बघ, त्यांनापण पोचनं," नाना समाधानानं म्हणाले.

दुसऱ्या शेगडीवर कुरडईचा चुरा गरम पाण्यात फुलत होता. तिखट, कांदा, लसूण घालून त्याची भाजी करायची. आबांच्या हाताखाली तिनं शंभर वेळा पाहिली होती, केली एकदाही नव्हती. चुरा जास्त भिजला आणि त्याचा गोळा झाला. नाना त्याकडे बघून म्हणाले, "चिकटपट्टी संपली तर हे चालेल." नासीरचाचांनी वर दाण्यांचं कूट भुरभुरलं, आणि खरंच, गोळा सुटला.

बट्ट्या उकळत्या रश्श्यात पडल्या आणि हळूहळू मऊ होऊ लागल्या. तेव्हा कुठे रोहिणीनं पातेल्याकडे नीट पाहिलं. तीन माणसांसाठी ते काठोकाठ भरलं होतं.

"इतलं कोन खाई?" नानांनी विचारलं.

"हाताची सवय," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "म्हणजे आबांच्या. चारशे माणसांची."

नासीरचाचा कांद्याची सालं गोळा करत होते, ते थांबले.

"सवय? लीलाधरच्या हाताला?" त्यांनी नानांकडे पाहिलं. "छगन, ऐकलंस का?"

नाना गालात हसत होते.

"बेटी, चारशे माणसांचं करून त्या माणसानं कधी वाटीभर भात उरवला नाही. मी कोठीवाला, मला माहीत. पळीभर तेल जादा मागायचा नाही. निवृत्त झाला तेव्हा एका माणसाचं करायला शिकला आठ दिवसांत. मी मधल्या वारी येऊन बघायचो ना. मूठभर खिचडी. दीड भाकरी. पातेलं धुवायचंही काम नाही."

"मग शनिवारी?"

"शनिवारी मुद्दाम उरवायचा."

"तुनाकरता," नाना म्हणाले.

रोहिणीच्या हातातली पळी रश्श्यात तशीच राहिली.

"म्हणायचा, आमच्या पोरीला ताजं आवडत नाही," नासीरचाचा सांगू लागले. "लहानपणापासून तशी. ताजं वाढलं की ताटावर हात धरते, आणि शिळं असलं तर सकाळी पातेलं चाटून ठेवते. मी म्हटलं, असं कुठे असतं? तर म्हणाला, असते एकेकाची जीभ. तेव्हापासून त्याचं सगळं डोकं शिळ्याचं काय करायचं यातच चालायचं. पराठे काय, थालीपीठ काय. तू डबा नेलास की पुढच्या रविवारी तो उघडून आधी मला दाखवायचा. 'बघ नासीर, कण नाही ठेवला.'"

"मी सांगेल व्हतं त्याले," नाना म्हणाले. "ताट झाकस ते पोट भरेल म्हनीसन नही. भुकेलं मानूस येगळ्या हातानं झाकस. तो कुठे ऐकस."

रोहिणीच्या डोळ्यांपुढे ते वरणगावचं पातेलं आलं. तिनं आबांसाठी ठेवलेलं. आबांनी, पोरीला सकाळी लागेल म्हणून, तिच्यासाठी ठेवलेलं. दोघांनी एकमेकांसाठी सोडलेलं ते सकाळी उरायचं, आणि त्या उरलेल्यावर आबांनी तीस वर्षं आपली सारी विद्या खर्च केली होती. वरणाचे पराठे. सालींची चटणी. गच्चीवर, ओला पंचा डोक्यावर घेऊन, ओळीनं मांडलेल्या बट्ट्या.

ती हसायला लागली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, आणि मग तोही सोडून. नाना घाबरले.

"पानी दे रे हिले, नासीर."

"पाणी नको," ती म्हणाली. "ताटं घ्या, नाना. पातेल्याच्या तळापर्यंत बठ्ठं संपवायचंय."

"बठ्ठं?" नानांचे डोळे चमकले. "मग सरक."

ती वाढायला उभी राहिली, तर नासीरचाचांनी पळी काढून घेतली. "एकतीस वर्षं कोठीतून माल दिला, वाढायला कुणी दिलं नाही. आज मी वाढणार. तू बस."

तिघं खाली बसले. पातेलं मधे, आणि पातेल्यामागे आबांचं लाकडी स्टूल, रोजच्या जागी. रोहिणीनं पहिली बट्टी बोटांनी मोडली. बाहेरून मऊ, आत थोडी चिवट, रस्सा पोटात घेतलेली. चव अगदी आबांची नव्हती. मीठ जरा पुढे गेलं होतं आणि मसाला जरा धसमुसळा. पण ओवा तोच होता. मळताना आबांच्या हातानं पडलेला.

नाना बोलत नव्हते; हे त्यांचं प्रमाणपत्र. त्यांचं ताट दोनदा भरलं आणि दोनदा निपटलं गेलं. रूपाकाकूंनी दारातून डोकावून विचारलं, "काय गं जाळलंस?" आणि वाटी हातात घेऊनच आल्या होत्या हे लपवलं नाही.

रोहिणीचं ताट रिकामं झालं. नासीरचाचांची पळी पुढे आली, आणि तिचा हात आपोआप उठून ताटावर आडवा झाला.

तिनं त्या हाताकडे पाहिलं. छगननानाही पाहत होते. ताटांकडे पाहण्यात त्यांचा जन्म गेला होता.

तिनं हात उचलून मांडीवर ठेवला. ताट दोन्ही हातांनी धरून पुढे सरकवलं, पातेल्याच्याही पुढे, स्टुलाच्या पायापर्यंत.

"आबा, अजून वाढा," ती मोठ्यानं म्हणाली. "मला रोजच अजून हवं असायचं."